गोळीचा हिशेब

फायरिंग रेंजवरून परतताना प्रत्येक जवानाला सांगावं लागतं, की माझ्याजवळ जिवंत राउंड नाही आणि खाली खोखाही नाही. एक खोखा कमी पडला तर अख्खी कंपनी शोधायला बसते. राजस्थानात महाजन रेंजवर एका खोख्यासाठी आम्ही भर दुपारी दोन तास वाळू चाळली आहे. लंगरातला चहा निवून गेला, गाड्या उभ्या राहिल्या, पण खोखा सापडल्याशिवाय कुणी हललं नाही. बरोबरच आहे ते. जी वस्तू माणूस मारू शकते तिचा हिशेब लागलाच पाहिजे.

औषधाची गोळीही गोळीच. तिचा हिशेब कोण ठेवतो, एवढंच मला आज विचारायचं आहे.

आता पेन्शनीत आलो म्हणून लिहितो. पलटण, छावणी, नावं लिहिणार नाही. उत्तर बंगालात चहाच्या मळ्यांना लागून आमची छावणी होती. मी हवालदार होतो. माझ्या प्लाटूनमध्ये आमच्याच माणदेशातला एक शिपाई होता. वय २३, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सुट्टीवर गेला तेव्हा त्याला झोप लागेना, छाती धडधडायची. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरने पाच मिनिटं तपासून एस्सिटालोप्रामच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन आठवड्यांच्या. 'ताकदीची गोळी आहे, संपली की फोन कर,' एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी पोरगा गाडीत बसला आणि न्यू जलपाईगुडीला उतरला.

पलटणीत त्याने गोळीबद्दल कुणाला सांगितलं नाही. का नाही, हे फौजीला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या वैद्यकीय श्रेणीला पाच अक्षरं असतात, त्यातलं पहिलं अक्षर मनाचं. त्या अक्षरापुढचा आकडा बदलला की प्रमोशन अडतं, कोर्स अडतो, आणि बराकीत 'त्याच्या डोक्यात बिघाड आहे' हे कायमचं चिकटतं. म्हणून पोरं सिक रिपोर्टला जात नाहीत. सुट्टीत गावाकडे गोळ्या घेतात आणि पेटीत कपड्यांखाली ठेवतात.

पाचव्या-सहाव्या रात्री मी त्याला बराकीच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालताना पाहिलं. पाऊस होता. विचारलं, काय रे, झोप नाही का? म्हणाला, "काय नाय उस्ताद, पायात मुंग्या आल्यागत हुतंय. बसवत नाय, निजवत नाय. आतनं कुणीतरी ढकलतंय." मी म्हणालो, मग सकाळी पीटीला दोन चक्कर जास्त मार, झोप येईल. असं तीन रात्री चाललं. गार्डच्या यादीत त्याचं नाव मीच लिहिलं होतं.

अकराव्या दिवशी तो गेला. कसा, ते लिहिणार नाही.

त्याच्या सामानाची यादी करायला मी होतो. पेटीत बायकोचा फोटो, एक घडी घातलेला नवा शर्ट आणि गोळ्यांची पट्टी. पंधराच्या पट्टीतली एक गोळी कात्रीने कापून दुकानदाराने चौदा दिल्या होत्या. दहा पोकळ्या फुटलेल्या, चार शिल्लक. बॅच नंबर आणि तारीख त्या कापलेल्या तुकड्याबरोबर दुकानातच राहिली होती. बिल नव्हतं, माहितीपत्रक नव्हतं.

चौकशीत मी पट्टीबद्दल सांगितलं. निष्कर्षात तिचा उल्लेख नव्हता. तिथे दोन शब्द होते, 'घरगुती कारण'.

पुढच्या सुट्टीत मी त्याच्या घरी गेलो. म्हातारा बाप बोलला नाही. पण ती पोरगी, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, दारात उभी राहून म्हणाली, "दादा, घरगुती कारण म्हणत्यात. घर म्हंजी मीच की. मग मला येऊन कुणी इचारलं का न्हाई?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण त्या प्रश्नामुळे मी वाचायला लागलो.

पोराला जे होत होतं त्याला डॉक्टरी भाषेत नाव आहे, अकॅथिसिया. आतून उसळणारी, बसू न देणारी बेचैनी. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत किंवा डोस बदलताना, काही जणांना ती होते. सगळ्यांना नाही. पण ज्याला होते त्याच्यावर त्या दिवसांत कुणाचं तरी लक्ष हवं. हे काही गुपित नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने, म्हणजे एफडीएने, ऑक्टोबर २००४ मध्ये या औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. मुलांवरच्या २४ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा, खोटी गोळी घेणाऱ्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं सुमारे २ टक्के, आणि खरी गोळी घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के निघालं. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष मृत्यू एकही नव्हता. २००७ मध्ये तो इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. आमचा शिपाई २३ वर्षांचा होता. फौजेत भरती होणारी बहुतेक पोरं याच वयाची असतात.

हा इशारा आपोआप आला नाही. घरच्या माणसांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्याचाही त्यात वाटा आहे.

१४ सप्टेंबर १९८९ रोजी केंटकीतल्या लुइव्हिल शहरात एका छापखान्याच्या कामगाराने आठ जणांना गोळ्या घालून मारलं, बारा जणांना जखमी केलं आणि शेवटी स्वतःला संपवलं. तो आधीपासून आजारी होता आणि त्या काळात प्रोझॅक घेत होता. जखमींनी आणि मेलेल्यांच्या नातेवाइकांनी एली लिली कंपनीवर दावा लावला. १९९४ मध्ये ज्युरीने ९ विरुद्ध ३ मतांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला. कंपनीने तो जगभर मिरवला. पण न्यायाधीश जॉन पॉटर यांना एक गोष्ट खटकली. त्यांनी मांडायला परवानगी दिलेला कंपनीविरुद्धचा एक पुरावा फिर्यादींनी मांडलाच नव्हता. त्यांनी पाठपुरावा केला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि आतून गुप्त तडजोड झाली होती हे बाहेर आलं. १९९७ मध्ये नोंद बदलली. 'कंपनी जिंकली' याऐवजी 'तडजोडीने निकाली' असं लिहिलं गेलं. औषध दोषी होतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण जगाला ज्या निकालाचा दाखला दिला जात होता, तो निकाल तसा नव्हता, हे सिद्ध होतं.

वायोमिंगमध्ये १९९८ साली ६० वर्षांच्या एका माणसाने बायको, मुलगी आणि तान्ह्या नातीला मारून स्वतःचा जीव घेतला. पॅक्सिल, म्हणजे पॅरॉक्सेटिन, सुरू करून दोनच दिवस झाले होते. जावयाने दावा लावला. २००१ मध्ये ज्युरीने ८० टक्के जबाबदारी औषध कंपनीवर टाकून ६४ लाख डॉलरची भरपाई ठरवली.

तिसरा खटला आपण नीट समजून घ्यायला हवा. शिकागोतला ५७ वर्षांचा एक वकील २०१० मध्ये गेला. तो पॅरॉक्सेटिन घेत होता, पण मूळ कंपनीचं नव्हे, दुसऱ्या कंपनीचं स्वस्त जेनेरिक. अमेरिकेत २०११ च्या निकालानंतर, इशारा अपुरा होता म्हणून जेनेरिक कंपनीवर दावा लावता येत नाही, कारण लेबल मूळ कंपनीचं असतं. म्हणून बायकोने मूळ कंपनीवर, ग्लॅक्सोस्मिथक्लाइनवर दावा लावला. २०१७ मध्ये ज्युरीने ३० लाख डॉलर दिले. २०१८ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. गोळी विकणारा म्हणतो लेबल माझं नाही, लेबलवाला म्हणतो गोळी माझी नाही. मधल्या मध्ये बाई रिकाम्या हाताने घरी. आपल्या देशात तर दुकानोदुकानी जेनेरिकच मिळतं. ही पळवाट इथेही कुणी काढू नये म्हणून हे माहीत असलेलं बरं.

आता दुसरी बाजू. तीही मी डोळ्यांनी पाहिली आहे. आमचे एक सुभेदारसाहेब अशाच गोळ्यांवर उभे राहिले. सैनिकी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली सहा महिने उपचार झाले आणि माणूस परत हसायला लागला. एफडीएच्याच आकड्यांत २४ च्या वरच्या वयात तसा वाढीव धोका दिसला नाही, आणि ६५ च्या पुढे तो उलट कमी दिसला. म्हणून हे वाचून कुणीही चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. एकदम बंद केल्यानेही त्रास होतो. माझं भांडण औषधाशी नाही. औषध हातात ठेवून पाठ फिरवणाऱ्यांशी आहे.

आणि 'घरगुती कारण' या दोन शब्दांशी आहे. संसदेत दिलेल्या उत्तरानुसार २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या ६५४ जणांनी आत्महत्या केली. सैन्याचे आकडे वेगळे. प्रत्येक घरात भांडणं असतात, कर्ज असतं, जमिनीचा तंटा असतो. शोधायला गेलं तर घरगुती कारण कुणाच्याही घरात सापडतं. ते लिहिलं की बाकीचे प्रश्न संपतात. कुणी तपासलं, काय दिलं, कुणाला सांगितलं, शस्त्र कुणी दिलं, हे विचारायची गरज उरत नाही. आणि मेलेल्याच्या बायकोच्या कपाळावर आयुष्यभराचा ठपका बसतो.

कायदा आपल्या बाजूने अगदीच नाही असं नाही. पैसे घेऊन तपासणारा डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं. २०१९ च्या ग्राहक कायद्यात पुरेसा इशारा न देणाऱ्या उत्पादकाची जबाबदारी स्वतंत्र प्रकरणात लिहिली आहे. जवानाच्या अपंगत्वाच्या पेन्शनबद्दल २०१३ च्या धरमवीर सिंह निकालाने पुराव्याचं ओझं जवानावरून काढून सरकारवर ठेवलं. अमेरिकेत १९५० च्या निकालापासून सैनिकाला नोकरीतल्या इजेसाठी सरकारला कोर्टात खेचता येत नाही. आपल्याकडे मात्र सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सैनिकी रुग्णालयात दूषित रक्त चढवलं गेलेल्या हवाई दलाच्या एका माजी कॉर्पोरलला सुमारे दीड कोटी रुपये द्यायला लावले, आणि लष्कर व हवाई दल दोघांना जबाबदार धरलं. म्हणजे वर्दी आहे म्हणून हिशेब नाही, असं आपला कायदा म्हणत नाही.

पण ग्राहक तक्रारीला मुदत दोन वर्षांची. मला हे कळलं तोवर त्या पोरीची मुदत उलटून गेली होती. आणि बॅच नंबर नसलेल्या पट्टीवर कुणाला पकडणार होतो?

म्हणून माझं म्हणणं चार गोष्टींचं आहे. पहिली, अशी गोळी देणाऱ्याने घरच्या एका माणसाला समोर बसवून त्याच्या भाषेत सांगावं, की पहिले चार आठवडे याच्यावर लक्ष ठेवा, बेचैनी वाढली तर त्याच दिवशी मला कळवा. दुसरी, जो पोरगा येऊन सांगतो की माझी गोळी चालू आहे, त्याचं शस्त्र काही दिवस कोतात जमा राहू दे, पण त्याचं प्रमोशन जाऊ नये. शिक्षेच्या भीतीने पोरं लपवतात. मानसिक आरोग्य कायद्याने २०१७ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखालचा माणूस मानलं, पण लष्करी कायद्याच्या ६४ व्या कलमात तो आजही गुन्हा आहे. हे बदला. तिसरी, प्रत्येक चौकशीत औषधाचा रकाना असावा: कोणतं, कधीपासून, कुणी दिलं. चौथी, चौकशीचा निष्कर्ष बायकोच्या आणि आईबापाच्या हातात द्यावा, न मागता.

आणि घरच्यांनो, पट्टी फेकू नका, कापलेली घेऊ नका, बिल मागा. औषधाने त्रास झाला तर रुग्णही स्वतः कळवू शकतो, त्याचा मोफत नंबर १८००-१८०-३०२४. मन जड झालं असेल तर टेलिमानस १४४१६ वर कधीही फोन करा, मराठीत बोलता येतं. फौजींसाठी पुण्याच्या एएफएमसीत त्याचा वेगळा कक्ष आहे. आणि जवळचं कुणी रात्री येरझाऱ्या घालताना दिसलं, तर त्याला दोन चक्कर जास्त मारायला सांगू नका. शेजारी बसा, कुठली गोळी चालू आहे का ते विचारा.

ती चार गोळ्यांची पट्टी चौकशीनंतर सामानाबरोबर घरी गेली. त्या पोरीने ती जपून ठेवली आहे. रेंजवर एका खोख्यासाठी दोन तास वाळू चाळणारी माणसं आपण. तिच्यासाठी कुणी एक कागद तरी चाळावा.