वाघ दिसणे हा निकष नव्हे

टिपेश्वरवरचा प्रवासलेख 'हमखास व्याघ्रदर्शन' आणि चार फोटोंवर 'उत्कृष्ट' ठरतो. ही मोजपट्टीच चुकीची आहे. सॉफ्टवेअरमध्ये आधी कसोट्या ठरतात, शेरा नंतर मिळतो. इथेही तेच हवे. सुन्ना गेटला कसे जायचे, सफारी कधी बंद असते, माहिती कोणत्या तारखेची, हे नसेल तर लेख कच्चाच.

दुसरी कसोटी कुंपणाबाहेरची. २०१९ मध्ये इथून निघालेला वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत चालत गेला. त्याआधी २०१८ मध्ये पांढरकवडा वनविभागात माणसे मेली आणि अवनी वाघीणही मारली गेली. वाघाच्या धास्तीत कापूस वेचणारी केळापूर तालुक्यातली बाई ज्या लेखात नाही, त्याला पाच तारे कशाचे?