रक्तातील एका रेषेचे मोल

वाचकहो, जबलपूरच्या कांचघर वस्तीचे नाव उच्चारताच काच डोळ्यांपुढे येते. आज आपणांस काचेवर पसरलेल्या जेलच्या एका पातळ थराची हकीकत सांगावयाची आहे. त्या थरावर उमटणाऱ्या रेषेवर कित्येक घरांतील विवाहाचे व संततीचे निर्णय अवलंबून असतात.

तांबड्या रक्तपेशींतील हीमोग्लोबिन हे प्रथिन शरीरभर प्राणवायू पोहोचविते. काही घराण्यांत ते अनुवंशाने बदललेले असते. अशा रुग्णाच्या पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व असह्य वेदना होतात. हाच सिकल सेल आजार होय. मध्य प्रदेश, छत्तीसगड व विदर्भ या भागांत तो विशेष आढळतो. जबलपूर येथे १९८४ साली स्थापन झालेली राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था या विषयावर कार्य करते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट तिने ठेवले आहे.

१९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, विजेच्या क्षेत्रात हे सदोष हीमोग्लोबिन निरोगी हीमोग्लोबिनाहून वेगळ्या गतीने सरकते. याच तत्त्वावर इलेक्ट्रोफोरेसिसची परीक्षा उभी आहे. अल्कधर्मी जेलवर निरोगी ‘ए’ पुढे जाते, तर ऋणभार कमी असलेले ‘एस’ मागे राहते. ज्याच्या रक्तात दोन्ही रेषा उमटतात, तो बहुधा केवळ वाहक असतो.

परंतु येथेच सावधगिरी हवी. ‘डी’ नावाचे दुसरे हीमोग्लोबिनही या जेलवर नेमके ‘एस’च्याच जागी थांबते. तेवढ्यावरून निदान केल्यास ‘डी’च्या वाहकावर सिकल सेलचा शिक्का बसावयाचा. म्हणून विद्राव्यता चाचणी करावी, किंवा आम्लधर्मी आगर-जेलवर परीक्षा पुन्हा घ्यावी. तेथे ‘डी’ हे ‘ए’बरोबर जाते व ‘एस’ वेगळे पडते. मोठ्या प्रयोगशाळांत हल्ली क्रोमॅटोग्राफीचाही आधार घेतात.

रेषा स्वच्छ उमटावी म्हणून तंत्रज्ञाने पेशी मिठाच्या द्रावणाने धुवाव्यात, नमुना थोडाच घालावा आणि विद्युत्‌दाब बेताचा ठेवावा. दाब अधिक झाल्यास जेल तापून रेषा फिसकटतात. द्रावण ताजे असावे. प्रत्येक खेपेस ओळखीचे नमुनेही शेजारी चालवावेत, म्हणजे तुलनेस आधार मिळतो.

आपले कर्तव्यही थोडके नाही. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढविले असल्यास ते अवश्य सांगावे, कारण दात्याचे रक्त निकाल झाकोळते. अर्भकाच्या रक्तात ‘एफ’ हीमोग्लोबिनच अधिक असते. म्हणून त्याची परीक्षा काही महिन्यांनी पुन्हा करून घ्यावी. निकालाची खात्री दुसऱ्या पद्धतीने झाली आहे काय, हे विचारण्यात संकोच नसावा.

वाहक हा रोगी नव्हे, हे घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानी धरावे. उभयता वाहक असल्यास प्रत्येक गर्भाच्या वेळी अपत्य आजारी होण्याचा संभव चारांत एक असतो. दोष आई व बाप या दोघांकडून येतो, तेव्हा एकट्या सुनेला बोल लावणे अज्ञानाचे ठरेल. विवाहापूर्वी उभयतांनी परीक्षा करून घ्यावी व सल्ला घेऊन मग निर्णय करावा. रेषा नीट वाचली गेली, तरच तिचा कुटुंबाला उपयोग.