मजबूत चौकट, मठ्ठ गाडी

नाशिकच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी बनवलेल्या गो-कार्टचं प्रेझेंटेशन कधी ऐकलंय? दोन वाक्यं हमखास येतात. "सर, चॅसी एकदम रिजिड आहे" आणि "फॅक्टर ऑफ सेफ्टी चार आहे." माना डोलतात, मार्क पडतात. माझं म्हणणं सरळ आहे: ज्या वाक्याला मार्क मिळतात, तिथेच ती गाडी वळणावर हरलेली असते.

का ते सांगतो. कार्टला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शियलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर, म्हणजे दोघांचे फेरे सारखेच. पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. किती? दोन चाकांत 1.2 मीटर अंतर धरा. काटकोनी वळणात फरक पडतो सुमारे 1.9 मीटर, यू-टर्नमध्ये 3.8. वळण मोठं असो की छोटं, आकडा तोच (शाळेतली भूमिती आहे, करून बघा). दोन्ही चाकं जमिनीला चिकटून राहिली तर हा फरक टायर घासूनच भरून निघणार. गाडी सरळ पळायला बघते आणि वळणातून बाहेर पडताना इंजिन धापा टाकतं.

म्हणून आतलं मागचं चाक क्षणभर हलकं करावं लागतं. स्टिअरिंग फिरवलं की कॅस्टरमुळे आतलं पुढचं चाक खाली दाबतं, बाहेरचं वर जातं, आणि चौकट पिळून आतलं मागचं चाक उचलतं. चौकट फार मऊ असेल तर ती हा सगळा पीळ पिऊन टाकते. दगडासारखी ताठ असेल तर गाडी एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखी डगमगते: चाक झटकन उचलतं, आपटतं, गाडी उड्या मारते. थोडक्यात, चौकट हीच स्प्रिंग. आणि स्प्रिंग किती ताठ हवी हे ट्रॅक ठरवतो, रिपोर्ट नाही.

"पण पोरांची सेफ्टी?" हा प्रश्न येणारच. अहो, मजबुती आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! वेल्ड पक्का हवा, बंपर दणकट हवा, यात वादच नाही. पण त्यासाठी मधे चार पाईप जास्तीचे ठोकायची गरज नसते.

खरं दुखणं पुढे आहे. मी पाहिलेल्या बऱ्याच गाड्यांत काहीच हलवता येत नाही. कॅस्टर वेल्ड करून कायम, हब जागेवर पक्के, सीट बोल्ट मारून बंद. आमच्या धंद्यात याला हार्डकोड करणं म्हणतात आणि नवख्यालाही त्याबद्दल शिव्या पडतात.

2010च्या दशकात कोल्हापूरला मोहितेंच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या. रोटॅक्सची इंजिनं सीलबंद असतात, टायरही ठरवून दिलेले. मग फरक कुठे पडतो? ड्रायव्हरमध्ये आणि सेटअपमध्ये. पुढची रुंदी वाढवली किंवा कॅस्टर वाढवला की चाक जास्त उचलतं. मागची रुंदी कमी केली की बाहेरच्या चाकावर जास्त भार जातो. सीट थोडी सरकवली तरी गाडीचा स्वभाव बदलतो, कारण ड्रायव्हरचं वजन जवळपास गाडीइतकंच!

आणि हो, एका वेळी एकच बदल. वहीत लिहा, स्टॉपवॉच लावा. तीन गोष्टी एकदम बदलून बग गेला तर तो गेला नाही, लपला.

रॅली ऑफ महाराष्ट्र बघितलेल्या गावाला मोटरस्पोर्ट नवीन नाही. अंबड-सातपूरला उत्तम वेल्डर आहेत. कमी आहे ती योग्य प्रश्नाची. तेव्हा परीक्षक मंडळी, पुढच्या वेळी एवढंच करा. ड्रायव्हर बसवा, आतल्या मागच्या चाकाखाली कागद ठेवा, स्टिअरिंग पूर्ण फिरवा आणि कागद ओढून बघा. आधीइतकाच घट्ट अडकला असेल तर विचारा, "आता यात काय बदलशील?" उत्तर नसेल तर फॅक्टर ऑफ सेफ्टी चार असो की चाळीस, मार्क कापा.