कोशातले क्रियापद

माझी नात कर्जत लोकलमध्ये जाता-येता कोरियन शिकते. मालिका पाहून हा नाद लागला. आमच्या पिढीत शरच्चंद्र वाचून काही जण बंगालीच्या मागे लागायचे, तसेच हे. तिची वही सहज चाळली. प्रत्येक क्रियापदापुढे अर्थ इंग्रजीत: 'टू गो', 'टू कम'. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? माझे मत स्पष्ट आहे. मराठी मुलाने कोरियन क्रियापद मराठीतूनच शिकावे.

खालापूर तालुक्यात मी वर्षानुवर्षे मराठी शिकवले. पाचवीच्या मुलांच्या हाती शब्दकोश दिला की ती 'गेलो' हा शब्द 'ग' मध्ये शोधायची. तो 'जाणे'खाली असतो, हे कळायलाच आठवडा जाई. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) 'जाणें', 'करणें' अशीच रूपे आहेत. आपट्यांच्या संस्कृत कोशात मात्र नुसता धातू, 'गम्'. अरबीत क्रियापद सांगतात ते 'त्याने लिहिले' या रूपात. कोशाला कोणते तरी एक रूप लागते, आणि ते ज्याचे त्याने ठरवले.

कोरियनने 'दा' धरला. 'कादा' म्हणजे जाणे, 'ओदा' म्हणजे येणे. आपण 'णे' काढून धातू ओळखायचो, तसा 'दा' काढा आणि उरलेल्याला प्रत्यय लावा. 'कादा'चे 'कायो', जाते. क्रियापद आपल्यासारखेच वाक्याच्या शेवटी. इंग्रजीतल्या 'टू'सारखे पुढे काही चिकटवणे नाही.

'ओदा' तर आपल्याच घरचे वाटावे. 'ओ' आणि 'आ' मिळून 'वा' होतो. सु अधिक आगत, स्वागत, हा संधी आठवा. मग 'वा', 'वायो', 'ओसेयो': ये, या, यावे! समोरच्याचा मान क्रियापदातच. इंग्रजीतल्या एकट्या 'कम'मधून हे मुलांना कसे समजावणार?

अर्थात साम्य ताणू नये. आपले 'जाणे' नाम म्हणूनही चालते, 'त्याच्याकडे जाणे बरे नव्हे' असे आपण म्हणतो. 'कादा' तसे वापरता येत नाही. तिथे 'कागी' हवे. आणि समोरच्याशी बोलताना नवशिके सरळ 'कादा' म्हणून मोकळे होतात. 'मी बाजारात जाणे' असे कोणी म्हटले तर कानाला कसे लागेल, तसेच ते.

शिवाय अपवाद आहेतच. 'तुत्ता' म्हणजे ऐकणे, पण 'ऐकते' म्हणताना 'तुरॉयो'. 'त' चा 'र' कुठून आला म्हणून मुले वैतागतात. 'जाणे'चे 'गेला' करणाऱ्यांनी तक्रार करू नये! पण एवढे खरे की कोशातल्या रूपावरून हे ओळखता येत नाही. म्हणून तुमच्याकडे कोणी शिकत असेल तर वहीत तीन रकाने पाडून द्या. पहिल्यात कोशातले रूप, दुसऱ्यात 'यो'चे, तिसऱ्यात मराठी 'णे'. तिन्ही त्याच दिवशी भरायचे, परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे.