मिथेनची मोजणी नाकारून गळती थांबत नाही

उपग्रहाने एखाद्या कचराभूमीतला मिथेन मोजला की तीन आक्षेप पुढे येतात. हे माप नव्हे, संगणकाचा तर्क आहे. क्षणभराच्या चित्रावरून वर्षाचा हिशेब मांडता येत नाही. आणि माहिती विकून पैसे कमावणाऱ्या परदेशी कंपनीवर विश्वास का ठेवायचा? हे आक्षेप पोकळ नाहीत, म्हणूनच त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिला आक्षेप तर्काचा. मॉन्ट्रियलमध्ये 2011 साली सुरू झालेल्या जीएचजीसॅट या स्टार्टअपचा पहिला उपग्रह ‘क्लेअर’ 22 जून 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्याच पीएसएलव्हीने अवकाशात नेला. जमिनीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश तो टिपतो. त्या प्रकाशातल्या अवरक्त पट्ट्यातील ठरावीक लहरी मिथेन शोषून घेतो. किती शोषल्या गेल्या यावरून वायूचे प्रमाण निघते. हे भौतिकशास्त्र आहे. एआय उपयोगी पडते ते असंख्य चित्रांतून मिथेनचे लोट हुडकायला आणि जमिनीच्या रंगरूपामुळे होणारे भास वगळायला. ताशी किती टन हे काढताना वाऱ्याचा वेग धरावा लागतो, आणि मोठी अनिश्चितता तिथेच असते. पण प्रचलित नोंदी तरी कशा तयार होतात? बहुतेकदा कचऱ्याच्या वजनाला ठरीव गुणांकाने गुणून. तोही अंदाजच, आणि त्यात त्या जागेवरची हवा कोणी तपासलेलीच नसते.

दुसरा आक्षेप अर्धा खरा आहे. हे उपग्रह ढगांपलीकडे पाहू शकत नाहीत; मुंबईचा पावसाळा त्यांच्या हाती फारसा लागत नाही. पण शास्त्रज्ञही एका चित्रावर विसंबलेले नाहीत. ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये 2022 साली आलेल्या अभ्यासात आधी रोज जग न्याहाळणाऱ्या ‘ट्रोपोमी’ या युरोपीय उपकरणावरून शहरे हेरली, मग जीएचजीसॅटने नेमक्या जागा शोधल्या. ब्यूनस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई इथल्या कचराभूमींतून ताशी 3 ते 29 टन मिथेन बाहेर पडताना दिसला. या शहरांचे एकूण उत्सर्जन प्रचलित नोंदींच्या 1.4 ते 2.6 पट निघाले. मुंबईतली जागा होती कांजूरमार्ग. तिथल्या दुर्गंधीबद्दल विक्रोळी-भांडुपचे रहिवासी वर्षानुवर्षे तक्रार करतात. पण मिथेनला वास नसतो. नाकाला न कळणारा हा वायू उपकरणानेच पकडावा लागतो.

तिसरा आक्षेप कंपनीचा. ट्रोपोमीची माहिती सर्वांना विनामूल्य मिळते, त्यामुळे मोठ्या गळतीचा दावा त्रयस्थाला पडताळता येतो. तुर्कमेनिस्तानातल्या कोर्पेजे वायुक्षेत्रातली गळती क्लेअरने पाहिली, ट्रोपोमीच्या नोंदींनी तिला दुजोरा दिला. हे संबंधितांपर्यंत पोहोचवल्यावर 2019 मध्ये ती थांबली. नफ्यासाठी काम करणाऱ्याचे मापही खरे असू शकते. ते तपासता आले पाहिजे, एवढीच अट.

मग उणीव कुठे आहे? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने उपग्रहांच्या आधारे दोन वर्षांत सरकारांना आणि कंपन्यांना मोठ्या गळतींच्या सुमारे 1,200 सूचना पाठवल्या. 2024 च्या त्यांच्या अहवालानुसार उत्तर आले फक्त 1 टक्का सूचनांना. म्हणजे कमतरता माहितीची राहिलेली नाही, उत्तरदायित्वाची आहे.

म्हणून माझे म्हणणे असे. उपग्रहाचा आकडा अंतिम निकाल मानू नये. तो चौकशीचा आरंभ मानावा. प्रत्येक मोठ्या कचराभूमीवर मिथेन मोजणारी उपकरणे बसवावीत, म्हणजे ढगाळ महिन्यांतही नोंद राहील आणि आकाशातला आकडा जमिनीवर तपासता येईल. दोन्ही नोंदी नागरिकांसाठी खुल्या असाव्यात. आणि सूचना आल्यावर ठरावीक मुदतीत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक असावे.

मिथेन वातावरणात जेमतेम 12 वर्षे टिकतो, पण 20 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून अधिक तापवतो. आज बंद केलेल्या गळतीचे फळ याच पिढीला मिळेल. आकडा पटत नसेल, तर महापालिकांनी आणि राज्य सरकारने स्वतः मोजावे आणि तो आकडा लोकांसमोर ठेवावा. न मोजता नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही.