लिनक्सची मदत शोधताना आधी आवृत्ती बघा

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे मोफत अपडेट देणं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठराविक प्रोसेसर लागतो, तिथे बरेच जुने लॅपटॉप अडतात. सेकंडहँड लॅपटॉपवर डिप्लोमा किंवा बीएस्सी करणाऱ्यांसाठी लिनक्स हा मग सरळ मार्ग आहे. पण उबंटू किंवा मिंट टाकलं आणि वायफायच चालेना, तर विचारायचं कुणाला?

बहुतेक जण पहिला व्हिडिओ लावतात आणि त्यातली ‘सुडो’ने सुरू होणारी ओळ टर्मिनलमध्ये जशीच्या तशी चिकटवतात. सुडो म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या देणं. माझ्या मते लिनक्सवर मदत भरपूर आहे. ती पारखायची सवय आपल्याला कुणी लावलेली नाही.

पारख आवृत्तीपासून सुरू होते. उबंटूच्या नावातच वर्ष आणि महिना असतो: २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. १४.०४ साठी लिहिलेला उपाय त्यावर चालेलच असं नाही, कारण १५.०४ पासून उबंटूने ‘अपस्टार्ट’ सोडून ‘सिस्टमडी’ घेतलं आणि सर्व्हिस चालू-बंद करायची पद्धतच बदलली. उपायावर तारीख, आवृत्ती काहीच नसेल तर मी तो वाचतही नाही. चॅटबॉटने दिलेल्या ओळीलाही हाच नियम.

नावावरून फक्त आर्च लिनक्सची वाटणारी ‘आर्च विकी’ उबंटूवाल्यांनीही वाचावी. ‘पॅकमन’च्या जागी ‘एप्ट’ वापरायचं, बाकी वायफाय, प्रिंटर, साउंडची माहिती बहुतेक तशीच लागू पडते. ‘एक्सप्लेनशेल’वर एखादी कमांड टाकली की तिचा एकेक तुकडा काय करतो ते दिसतं, चिकटवण्याआधी तिथे अर्धं मिनिट घालवा. आणि डेटा संपला असेल तर ‘मॅन’ आहेच. तो संगणकातच असतो, रुक्ष असतो, पण त्या मशीनवरच्या आवृत्तीबद्दलच बोलतो.

मराठीत हवं असेल तर आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प बघा. लिनक्सचे छोटे पाठ मराठी आवाजात आहेत, सोबत लिखित मजकूरही. काही पाठ बरेच जुने आहेत, स्क्रीन वेगळी दिसेल. ‘एलएस’, ‘सीपी’, ‘ग्रेप’ मात्र तेच आहेत.

अधिकृत साइटवरही डोळे मिटून जाऊ नये. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या साइटवर घुसखोरी झाली आणि डाउनलोडची लिंक मागचं दार ठेवलेल्या फाइलकडे वळवली गेली. म्हणून आयएसओ उतरवल्यावर चेकसम जुळवायचा. एका कमांडचं काम आहे.

वस्तीतल्या अभ्यासिकांमध्ये जुने संगणक धूळ खात पडलेले असतात. त्यातल्या एकावर लिनक्स टाका, शेजारी एक वही ठेवा. ज्याचा वायफाय किंवा प्रिंटर चालू झाला त्याने काय केलं ते मराठीत लिहायचं, आवृत्ती आणि तारखेसकट.