पाच मिनिटांची सोबत

अकराच्या चहाला ऑफिसातले चौघे खाली टपरीवर उतरतात. टपरीच्या खांबाला काथ्याची दोरी टांगलेली असते, तिचं टोक सकाळपासून धुमसत असतं. ज्याला पेटवायची तो मान तिरकी करून सिगारेट त्या टोकाला लावतो आणि दोन झुरके ओढून सरळ होतो. चौघांपैकी एकाने परवापासून सोडली आहे. त्याच्या एका हातात कटिंग आहे. दुसऱ्या हाताचं काय करायचं ते त्याला कळत नाही. तो खिशात घालतो, बाहेर काढतो, उगाच मोबाइल बघतो. बाकीचे तिघे आठवणीने धूर दुसरीकडे सोडतात. आणि थोड्या वेळाने त्यांच्यातलाच एक जण पाकीट पुढे करून म्हणतो, "अरे, एकाने काय होतंय?"

यात वाईट हेतू नसतो. चहाचे पैसे ज्या मायेने दिले जातात, त्याच मायेने पाकीटही पुढे होतं. सोडलेली सिगारेट पुन्हा हातात येते ती बऱ्याचदा अशीच, मित्राच्या हातून.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोकांनी सोडण्याचा बेत किंवा निदान विचार असल्याचं सांगितलं होतं. हा आकडा टपरीवर आणून ठेवला, तर चौघांतल्या दोघांच्या तरी मनात तेच घोळत असणार. फक्त ते एकमेकांजवळ बोलत नाहीत. ज्याने सोडली, त्याला वाटतं आपण एकटेच पडलो.

आणि एकटं पडायला हे दिवस फार वाईट. निकोटिन रक्तातून झपाट्याने उतरतं, साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. शेवटच्या सिगारेटनंतरचे दोन-तीन दिवस सगळ्यांत कठीण. चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही, झोप मोडते, सारखी भूक लागते. कुणाचं तोंड येतं, कुणाला बद्धकोष्ठ होतं, कुणाचा खोकला उलट वाढतो. दोन ते चार आठवड्यांत यातलं बहुतेक सगळं ओसरतं, पण तिसऱ्या दिवशी हे सांगून कुणाला पटत नाही. कुणाचीही मदत न घेता सोडणाऱ्यांचा माग काढणाऱ्या अभ्यासांचा आढावा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की बहुतेक जण पहिल्या आठ दिवसांतच परत ओढू लागतात आणि सहा महिने ते वर्षभर टिकून राहणारे शंभरात जेमतेम तीन ते पाच निघतात.

सोबतीचा उपयोग कुठे होतो? चहाचंच बघा. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निकाल नेहमीपेक्षा लवकर लावतं. धूर थांबला की तो वेग मंदावतो, आणि चहा-कॉफी पूर्वीइतकीच घेतली तरी रक्तातलं कॅफिन जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री डोळ्याला डोळा नाही. माणूस समजतो, सिगारेटशिवाय आपलं शरीर चालणारच नाही. महिन्याभरापूर्वी यातून गेलेला कुणी शेजारी असेल, तर तो एवढंच सांगतो, "चहा निम्म्यावर आण. दोन दिवस बघ." सोडताना आधाराला घेतलेल्या निकोटिनच्या गमचंही तसंच. तो साध्या च्युइंगमसारखा चावत राहिला की उचकी लागते, मळमळतं, छातीत जळजळतं. मग "हे आपल्याला सोसत नाही" म्हणून पाकीट कपाटात जातं. तो थोडा चावायचा, जिभेला चुणचुण लागली की गालात दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. डॉक्टर हे सांगतात आणि माहितीपत्रकातही छापलेलं असतं. पण ज्याचं स्वतःचं तोंड एकदा पोळलंय, त्याच्याकडून ऐकलं की ते ध्यानात राहतं.

सोडणाऱ्याला सोडणाऱ्याचीच सोबत लागते, ही गोष्ट दारूच्या बाबतीत जगाला आधी कळली. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल कामासाठी अमेरिकेतल्या अॅक्रन गावी गेला होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. सौदा फिसकटला. हॉटेलच्या लॉबीत तो उभा होता आणि शेजारच्या बारमधून गलका ऐकू येत होता. त्या घडीला त्याने चर्चच्या यादीतले फोन फिरवायला सुरुवात केली. उपदेशक त्याला नकोच होता, बोलायला दुसरा एखादा दारुडा हवा होता. त्या फोनांतून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथशी पडली आणि पुढे 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' उभी राहिली. पण याच विल्सनला सिगारेटपुढे हार खावी लागली. १९७१ मध्ये तो गेला तो फुप्फुसाच्या एम्फिसीमाने. ज्याने सोबतीचं औषध जगाला दिलं, त्याच्या भोवतीच्या बैठका त्या काळात धुराने भरलेल्या असत. सिगारेट सोडण्यासाठी कुणाला फोन करायचा, हे तेव्हा फारसं कुणाला सुचत नव्हतं. दारू सोडलेल्या अशाच काही मंडळींनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात तंबाखूसाठी वेगळ्या बैठका भरवल्या, तिथून 'निकोटिन अॅनॉनिमस' निघाली. आपल्याकडे १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथेही व्यसनातून बाहेर आलेला माणूसच नव्याने आलेल्याचा हात धरतो, हे महाराष्ट्राने जवळून पाहिलं आहे.

सिगारेटच्या बाबतीत मात्र "मनाचा निश्चय लागतो" एवढं बोलून आपण मोकळे होतो. निश्चय लागतोच. पण अकराच्या चहाला तो एकट्याने किती ताणायचा?

लंडनमध्ये एका दवाखान्यात सोबतीच्या उपयोगाचा पडताळा घेतला गेला. सोडायला आलेल्या काहींना नेहमीचा सल्ला दिला, काहींची त्याशिवाय जोडीही लावून दिली: त्याच सुमारास सोडणाऱ्या दुसऱ्या अनोळखी माणसाशी. दोघांनी एकमेकांना फोन करायचा, बस्स. १९९८ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. एकट्याने झगडणाऱ्यांपैकी उपचाराच्या शेवटी १२ टक्के टिकले होते, जोडीतले २७ टक्के. हे अंतर सुरुवातीच्या आठवड्यांतलं आहे. जोडीचा फायदा वर्षभर टिकतोच, असं नंतरच्या सगळ्या अभ्यासांत काही दिसलेलं नाही. पण बहुतेकांचा पाय घसरतो तो सुरुवातीच्याच आठवड्यांत. म्हणूनच ही सोबत त्या वेळी हवी.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या प्रसिद्ध हृदय-अभ्यासातून निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी १२,०६७ माणसांच्या नात्यागोत्यांचा आणि दोस्तीचा ३२ वर्षांचा पट मांडला. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नवऱ्याने किंवा बायकोने सोडली की जोडीदार ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटत होती. मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी, आणि लहान कचेरीत बरोबर काम करणाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी. माणसं एकेकटी नव्हे, घोळक्याने सोडत होती. जे उरले ते हळूहळू घोळक्याच्या कडेला ढकलले गेले. टपरीवरचे चौघे या आकड्यांत नेमके बसतात.

आपल्या जवळचा दाखला बिहारच्या शाळांचा आहे. नवी मुंबईच्या हीलिस सेखसरिया संस्थेचे डॉ. प्रकाश गुप्ता आणि अमेरिकेतल्या ग्लोरियन सोरेन्सन यांच्या गटाने ७२ सरकारी शाळांत काम केलं. निम्म्या शाळांत मुख्याध्यापक आणि एक पुढाकार घेणारा शिक्षक दर महिन्याला एक विषय घेऊन सहकाऱ्यांशी बोलत. शाळा तंबाखूमुक्त करायची आणि ज्याला सोडायची आहे त्याला स्टाफरूममधल्यांनीच हात द्यायचा, असं ठरलेलं होतं. उपक्रम संपला तेव्हा तिथल्या तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या शिक्षकांपैकी ५० टक्के महिनाभर तंबाखूपासून दूर होते. उरलेल्या शाळांत हे प्रमाण १५ टक्के होतं. नऊ महिन्यांनी पाहिलं तेव्हा सहा महिने टिकलेले १९ टक्के आणि ७ टक्के असे होते. पन्नासाचे एकोणीस झाले, हे खरं. तरी उरलेल्या शाळांच्या जवळजवळ तिप्पट, आणि तेही स्टाफरूममधल्या गप्पांच्या बळावर.

घरच्यांचं काय? त्यांचा जीव तुटत असतो, पण त्यांची मदत बहुधा चौकशीच्या रूपाने येते. "आज नाही ना ओढलीस?" हा प्रश्न दिवसातून तीनदा आला की माणूस खरं बोलायचं टाळतो. जोडीदाराला मुद्दाम शिकवून-सवरून आधार वाढवायचे प्रयोग झाले आहेत. त्यांनी सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही. बरोबरीच्या माणसापुढे परीक्षा द्यावी लागत नाही. त्याला रात्री साडेअकराला "आज एक ओढली" असं कळवता येतं, आणि तो "कितव्या दिवशी? माझीही नवव्या दिवशी झाली होती, उद्या परत सुरू कर" असं उत्तर देतो. एक ओढली म्हणजे सगळं संपलं, ही समजूत त्या एका सिगारेटपेक्षा जास्त घात करते.

बायकांची अडचण आणखी वेगळी आहे. लपून ओढणाऱ्या मुलीला सोडायचं झालं तरी लपूनच सोडावं लागतं. चिडचिड का होते आहे, हे घरात सांगायची सोय नाही. तिला एक मैत्रीण पुरते, पण ती मिळेतोवर निदान एक आवाज तरी हवा. सिगारेटच्या पाकिटावर, चित्राच्या इशाऱ्यासोबत, १ सप्टेंबर २०१८ पासून एक नंबर छापलेला आहे: १८००-११-२३५६. फोन फुकट. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या केंद्रामुळे मराठीत बोलता येतं, आणि समुपदेशक सोडायची तारीख ठरवून पुढे स्वतःहून फोनही करतात.

एक तलफ तीन ते पाच मिनिटं टिकते. पाणी प्यायलं, दोन मजले चढून आलं, कुणाशी बोललं की ती ओसरते. महाराष्ट्रात सुट्टी सिगारेट-बिडी विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर ती सहज मिळते. अख्खं पाकीट घ्यावं लागलं असतं, तर त्या विचारात तलफ निघूनही गेली असती. सुट्टी हातात यायला पाच सेकंद पुरतात. तेवढ्यात आडवा यायला शेजारी माणूस उभा असावा लागतो.

पाकिटावरचा तो नंबर मंगळवार ते रविवार, सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो. सोमवारी बंद. आणि आठवड्याचं सगळं काम डोक्यावर घेऊन अकराचा चहा येतो तो सोमवारीच. चौघे खाली उतरतात. धुमसत्या दोरीपासून जरा लांब, फुटपाथच्या कडेला, रिकाम्या हाताचा तो उभा राहतो. तिघांपैकी एक पाकीट न काढताच त्याच्याजवळ येतो आणि विचारतो, "तुला आज कितवा दिवस? मी पण म्हणतोय."